दगडात मांडलेले त्रैराशिक : फ्लॉरेन्सचे सांता मारिया नोव्हेला कसे पाहावे

२०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचा शवप्रदर्शन सोहळा झाला. त्यांची चांदीची पेटी एरवी बॉम जीझस बासिलिकेत रंगीत दगडांच्या एका उंच स्मारकावर ठेवलेली असते. ते स्मारक मात्र गोव्यात घडलेले नाही. इटलीतील तोस्काना प्रांताचा अधिपती कोझिमो तिसरा याने ते भेट म्हणून दिले आणि फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने ते घडवले. सुटे भाग जहाजाने गोव्यात आणून १६९८ मध्ये ते जोडण्यात आले. त्यामुळे ‘फ्लॉरेन्स’ हे नाव गोव्याला गेलेल्या पुष्कळ मराठी माणसांच्या कानावरून कधी ना कधी गेलेले असते.

प्रत्यक्ष फ्लॉरेन्सला पोहोचणाऱ्याची अडचण निराळी आहे. युरोपच्या सहलीत या शहराच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो, त्यात चार-पाच चर्च दाखवली जातात आणि प्रत्येक ठिकाणी क्रूस, संत, देवदूत आणि कमानी दिसत राहतात. वाटाड्या ‘रेनेसाँ’, ‘पर्स्पेक्टिव्ह’, ‘प्रपोर्शन’ असे शब्द उच्चारतो, पाहणारा आदराने मान डोलावतो आणि बाहेर पडतो. जगभरची माणसे इतक्या लांबून हे पाहायला का येतात, हा प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर एका चर्चच्या आधाराने देता येते, असे मला वाटते. ते चर्च म्हणजे सांता मारिया नोव्हेला. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला त्याचेच नाव आहे आणि ते स्थानकाच्या अगदी समोर उभे आहे. ते समजून घ्यायला लागणारे मुख्य साधन शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. ते साधन म्हणजे त्रैराशिक.

आधी इमारत : कार्ल्याचे चैत्यगृह आठवावे

युरोपातील जुन्या चर्चचा आराखडा मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात मध्ये एक लांब, उंच दालन आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत, खांबांच्या पलीकडे चिंचोळ्या वाटा आहेत आणि दालनाच्या टोकाशी स्तूप आहे. स्तूपाच्या जागी वेदी ठेवा, म्हणजे चर्चची ढोबळ कल्पना येते. उंच मधला भाग म्हणजे मध्यदालन आणि ठेंगण्या बाजूच्या वाटा म्हणजे वीथिका. यातील उंच-ठेंगणेपणाचा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे एका वास्तुकाराची सारी कसोटी त्यानेच पाहिली.

१२२१ मध्ये ही जागा डोमिनिकन पंथाच्या संन्याशांना मिळाली. गावोगाव उपदेश करणे हे त्यांचे काम होते, त्यामुळे मोठा जनसमुदाय मावेल आणि सर्वांना ऐकू येईल असे दालन त्यांना हवे होते. तेराव्या-चौदाव्या शतकात उभे राहिलेले हे दालन सुमारे शंभर मीटर लांब आहे आणि त्याच्या कमानी वर टोकदार होत जातात. या टोकदार कमानींच्या शैलीला गॉथिक म्हणतात.

इथेच पहिला आक्षेप येतो. इमारत जर गॉथिक आहे, तर हिला रेनेसाँचे चर्च का म्हणायचे? आक्षेप योग्य आहे. चर्चचे शरीर रेनेसाँच्या आधीचे आहे. पण पंधराव्या शतकात त्याची दर्शनी भिंत पूर्ण झाली, आत भित्तिचित्रे रंगली आणि त्या कामांतून चित्रकला व वास्तुकला यांची दिशा बदलली. नव्या विचाराने जुन्या घराशी कसे जुळवून घेतले, हे पाहायचे असेल तर अथपासून इतिपर्यंत नवीन बांधलेल्या चर्चपेक्षा हेच चर्च अधिक शिकवते.

रेनेसाँ म्हणजे नेमके काय?

रेनेसाँ या शब्दाचा अर्थ पुनर्जन्म. मराठीत त्याला प्रबोधनकाळ म्हणतात. प्राचीन ग्रीक-रोमन विद्या आणि कला यांकडे चौदाव्या ते सोळाव्या शतकांत इटलीतील विद्वान, व्यापारी आणि कारागीर नव्याने वळले, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ आहे. परंतु पुस्तकी व्याख्येत एक गोष्ट हरवते. फ्लॉरेन्स हे राजाचे शहर नव्हते. ते लोकर विणणाऱ्यांचे, कापड विकणाऱ्यांचे आणि हुंड्या वटवणाऱ्या पेढ्यांचे शहर होते. तिथल्या मुलाला दहा-अकराव्या वर्षी हिशेबाच्या शाळेत घालत आणि तिथे तो सर्वांत अधिक घोटून शिके तो नियम त्रैराशिकाचाच असे.

पाच किलो तांदळाला तीनशे रुपये पडतात, तर आठ किलोला किती? तीन राशी माहीत आहेत, चौथी काढायची आहे. हे त्रैराशिक आर्यभटाच्या ४९९च्या सुमाराच्या ग्रंथात याच नावाने आहे. भारतीय अंक आणि हिशेबाच्या रीती अरबी गणितज्ञांच्या हातून भूमध्य समुद्रापर्यंत गेल्या आणि पिसा शहराच्या लिओनार्दो फिबोनाच्ची याने १२०२च्या आपल्या ग्रंथात भारतीयांचे नऊ अंक अशीच त्यांची ओळख करून दिली. शहरागणिक गज बदलणाऱ्या आणि नाणे बदलणाऱ्या त्या काळात व्यापाऱ्याला दिवसभर एकच काम असे : या मापाचे त्या मापात रूपांतर करणे. अशा माणसाला प्रमाणाची नजर येते. इतके ताणले तर तितके वाढेल, इतके दूर नेले तर तितके लहान दिसेल, हे त्याला सांगावे लागत नाही. रेनेसाँची कला अशा नजरेच्या माणसांनी, अशा नजरेच्या माणसांसाठी घडवली.

दर्शनी भिंत : जुन्या कापडाला नवा काठ

चर्चसमोरच्या चौकात उभे राहिले की पांढऱ्या आणि गडद हिरव्या संगमरवराची भिंत दिसते. पांढरा दगड कारारा इथला, हिरवा प्रातोजवळचा. ही भिंत पूर्ण करण्याचा खर्च जोव्हान्नी रुचेल्लाई या लोकरीच्या धनाढ्य व्यापाऱ्याने उचलला आणि रचना लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या विद्वान वास्तुकाराने केली. रुचेल्लाईचे नाव आणि १४७० हे वर्ष वरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत कोरलेले आहे, आणि वाऱ्याने फुगलेले शीड हे त्याचे घराण्याचे चिन्ह भिंतीवर पुन्हा पुन्हा येते.

आल्बेर्तीला कोरी भिंत मिळाली नव्हती. खालच्या भागात टोकदार कमानींचे थडग्यांचे कोनाडे शंभर वर्षांपूर्वीच बसवलेले होते आणि वर एक मोठी गोल खिडकी आधीच होती. जुने पाडायचे नव्हते. त्यात मध्यदालन उंच आणि वीथिका ठेंगण्या असल्यामुळे समोरून पाहिल्यास इमारतीची आकृती मधेच खांदे पडल्यासारखी दिसणार होती. जुन्या लुगड्याला नवा काठ जोडणारी शहाणी गृहिणी जसा जुन्या वाणाशी मिळताजुळता रंग निवडते, तसेच आल्बेर्तीने केले. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची फ्लॉरेन्सची परंपरा त्याने सोडली नाही. शहरातील जुने बाप्तिस्मागृह आणि टेकडीवरील सान मिनिआतो हे चर्च त्याच रंगसंगतीचे आहे. बाप्तिस्मागृह हे मूळचे रोमन देऊळ आहे, असे फ्लॉरेन्सकर त्या काळी मानत. तो समज चुकीचा होता, पण त्यामुळे आपण प्राचीनांशी नाते सांगतो आहोत, ही भावना खरीच होती.

मग त्याने मापे बसवली. संपूर्ण भिंतीची रुंदी आणि उंची सारखी आहे, म्हणजे ती एका मोठ्या चौरसात बसते. वरचा देवळासारखा भाग, ज्यावर त्रिकोणी शिखर आहे, तोही एका चौरसात बसतो आणि त्या चौरसाची बाजू मोठ्या चौरसाच्या बरोबर निम्मी आहे. खालच्या भागाचे तसेच दोन चौरस होतात. एकास दोन हे प्रमाण असे पुन्हा पुन्हा येते. आल्बेर्तीने वास्तुशास्त्रावरील आपल्या ग्रंथात लिहिले आहे की ज्या संख्यांमुळे स्वर कानाला गोड लागतात त्याच संख्या डोळ्यालाही सुख देतात. आपल्याकडील श्रोत्याला हे चटकन पटावे. तार निम्मी केली की षड्जाचा तार षड्ज होतो, दोन तृतीयांश ठेवली की पंचम लागतो. मापाची ही साधी नाती ऐकताना कोणी मोजत नाही, पण बेसूर झाले तर प्रत्येकाला कळते. या भिंतीसमोर जे समाधान वाटते त्याचे कारण मला तरी याच स्वरसंवादात दिसते.

राहिला प्रश्न पडलेल्या खांद्यांचा. उंच मधला भाग आणि ठेंगण्या बाजू यांच्यामधील रिकाम्या जागी आल्बेर्तीने दोन मोठे, शंखासारखे आत वळणारे फलक उभे केले. त्यांनी वीथिकांची छपरे झाकली आणि नजरेला वरून खाली उतरायला एक वळणदार उतार मिळाला. ही युक्ती पुढे युरोपभर गेली, आणि तिथेच थांबली नाही.

मासाच्चोची भिंत : सपाट गिलाव्यात खोल खोली

आत शिरल्यावर डाव्या वीथिकेत, अर्ध्या वाटेवर, एका भिंतीसमोर माणसे हमखास थबकलेली दिसतात. इथे मासाच्चो नावाच्या चित्रकाराने १४२७च्या सुमारास ‘पवित्र त्रैक्य’ हे भित्तिचित्र रंगवले. त्यानंतर वर्षभरातच, सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, तो रोममध्ये वारला. इतक्या लहान आयुष्यात त्याने जे केले ते समजायला एक व्याख्या लागेल. ती एकदाच देतो.

यथादर्शन, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह, ही सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याची मोजमापाची रीत आहे. समजा तुमच्यासमोर एक मीटरवर काचेची खिडकी आहे आणि काचेपलीकडे, तुमच्यापासून चार मीटरवर, १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा आहे. डोळा न हलवता काचेवर त्याची बाह्यरेषा काढली तर ती ४० सेंटिमीटर भरेल. तो आठ मीटरवर गेला तर २० भरेल. अंतर दुप्पट, उंची निम्मी. हे त्रैराशिकच आहे, फक्त तांदळाच्या जागी माणूस आला आहे. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत एका चित्रफलकाच्या आणि आरशाच्या मदतीने या रीतीचे प्रात्यक्षिक दाखवले. १४३५ मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेवरील ग्रंथात ती लिहून ठेवली आणि चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली. त्याने माप घेतले तेही माणसाच्या शरीराचे. फ्लॉरेन्सचे मोजमाप ‘ब्राच्चो’ म्हणजे बाहू, आपल्या ‘हात’ या मापाचेच भावंड, आणि चित्रातील माणूस तीन ब्राच्चो उंच धरावा, असे त्याने सांगितले.

रेल्वेचे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. त्या बिंदूला लोपबिंदू म्हणतात. तो नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असतो. पटत नसेल तर कोकणच्या एखाद्या सपाट किनाऱ्यावर उभे राहून पाहावे : तुमच्याच उंचीची माणसे पाण्याजवळ असोत की दूर वाळूत असोत, क्षितिजाची रेषा त्या सगळ्यांच्या डोळ्यांवरूनच जाते. खाली बसलात तर क्षितिजही तुमच्याबरोबर खाली बसते.

आता मासाच्चोच्या भिंतीकडे वळू. चित्रात अर्धगोल छताची एक खोली आहे, छतावर चौकोनी खणांच्या रांगा आहेत आणि मागे जाताना त्या खणांची मापे ठरावीक प्रमाणात लहान होत जातात. त्यासाठी ओल्या गिलाव्यात ओढलेल्या रेषांच्या खुणा आजही भिंतीत आहेत. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा आणि गिलावा सुकताना तो रंग भिंतीचाच भाग व्हायचा, अशा या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात. तिच्यात गिलावा ओला आहे तेवढाच वेळ हाती असतो, म्हणून मोजणी आधीच पक्की लागते. छताच्या सर्व रेषा खाली एका लोपबिंदूला येऊन मिळतात. तो बिंदू क्रुसाच्या पायथ्याजवळ आहे, जमिनीपासून सुमारे पावणेदोन मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला. पाहणारा कुठे उभा असेल आणि त्याचा डोळा किती उंचीवर असेल, हे चित्रकाराने त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवले आहे. भिंतीला भोक पाडून पलीकडे खोली काढली आहे, असेच वाटावे.

या रचनेचा अर्थ पातळ्यांत दडलेला आहे. डोळ्याच्या पातळीच्या वर क्रुसावरचा ख्रिस्त, त्याच्या मागे उभा असलेला पिता आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा. ख्रिस्ती श्रद्धेत हे तिघे मिळून एकच ईश्वर, म्हणून त्रैक्य. क्रुसाखाली माता मारिया आणि संत योहान आहेत. मारिया हाताने पुत्राकडे निर्देश करते, पण नजर आपल्याकडे रोखते. खोलीच्या बाहेर, आपल्या बाजूला, चित्राचा खर्च करणारे स्त्री-पुरुष गुडघे टेकून बसले आहेत. आणि डोळ्याच्या पातळीच्या खाली दगडी पेटीवर एक सांगाडा पहुडलेला आहे. त्याच्यावरच्या इटालियन ओळीचा अर्थ असा : तुम्ही आज जे आहात ते मी एकदा होतो, आणि मी आज जो आहे ते तुम्हीही व्हाल. मान खाली केली तर मृत्यू, वर केली तर तारण, आणि समोर पाहिले तर आपली स्वतःची जागा. धर्मोपदेशकाला तासभर लागला असता ते मासाच्चोने नजरेच्या तीन हालचालींत सांगितले.

एक बारकावा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. छत खालून पाहिल्यासारखे रंगवले आहे, पण पिता आणि पुत्र मात्र खालून पाहिल्यासारखे आखडलेले नाहीत, ते समोरून पाहिल्यासारखेच दिसतात. ज्याने छताचा एकेक खण मोजला त्याच्याकडून ही चूक झाली असेल, हे मला पटत नाही. घर माणसाच्या मापात येते, ईश्वर येत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

हे चित्र तीनशे वर्षे दिसतच नव्हते

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोस्कानाचा अधिपती कोझिमो पहिला याच्या आज्ञेने जॉर्जो वाझारी या चित्रकार-वास्तुकाराने चर्चची अंतर्रचना बदलली. तोवर दालनाच्या मध्ये एक आडवी भिंत होती आणि ती संन्याशांना सामान्य लोकांपासून वेगळे ठेवी. ती काढून दालन वेदीपर्यंत मोकळे केले गेले. त्याच कामात मासाच्चोच्या चित्रासमोर नवी दगडी वेदी उभी राहिली आणि तिच्यावर वाझारीने स्वतःचे चित्र बसवले. याच वाझारीने आपल्या चरित्रग्रंथात मासाच्चोच्या त्या छताची तोंड भरून स्तुती केली होती. त्याने भित्तिचित्र खरवडले नाही, झाकले, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. १८६०च्या सुमारास वेदी हलवताना चित्राचा वरचा भाग सापडला आणि तो काढून प्रवेशाच्या भिंतीवर नेण्यात आला. सांगाडा मात्र मूळ जागी दडलेलाच राहिला, तो १९५१ मध्ये मिळाला आणि पुढच्या वर्षी वरचा भाग परत आणून दोन्ही जोडले गेले. म्हणजे वर सांगितलेला नजरेचा संपूर्ण प्रवास आजच्या प्रेक्षकाला करता येतो तो जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून.

‘आमच्या अजिंठ्यात यथादर्शन नाही, मग ती कला कमी दर्जाची का?’

हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. यथादर्शन ही एका ठिकाणी, एका डोळ्याने, स्थिर उभ्या असलेल्या माणसाची रीत आहे. अजिंठ्याचा चित्रकार चालत्या माणसासाठी कथा सांगतो. एकाच भिंतीवर तो राजवाडा, अरण्य आणि पुन्हा राजवाडा दाखवतो आणि महत्त्वाची व्यक्ती अंतरामुळे नव्हे तर महत्त्वामुळे मोठी करतो. तो एका बिंदूला बांधला गेला असता तर कथाच थांबली असती. खुद्द या चर्चमध्येही दुसरी रीत समोरासमोर पाहता येते. मध्यदालनात उंचावर टांगलेला, साडेपाच मीटरहून उंच रंगीत क्रूस जॉत्तो या चित्रकाराने तेराव्या शतकाच्या अखेरीस, मासाच्चोच्या सव्वाशे वर्षे आधी, रंगवला. त्यात मोजलेली खोली नाही. पण देहाचा भार खाली ओढतो आहे, गुडघे वाकले आहेत, हे असे दिसते की पाहणाऱ्याच्या खांद्यांना ताण जाणवावा. यथादर्शनाने कलेला एक नवी शक्ती दिली. आधीची कला त्यामुळे खोटी ठरली नाही.

‘हा तर श्रीमंतांचा दिखावा’

वेदीमागच्या मोठ्या प्रार्थनाकक्षात हा आक्षेप सर्वांत जोराने मनात येतो. त्या काळी फ्लॉरेन्सवर सत्ता चालवणाऱ्या मेदिची घराण्याच्या पेढीची रोममधील शाखा सांभाळणारा जोव्हान्नी तोर्नाबुओनी याने १४८५ मध्ये दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी लेखी करार केला. करारात विषय, मुदत आणि रंगांबरोबरच इमारती, डोंगर, पोशाख, पशू, पक्षी काय काय असावे हेही नमूद आहे. घर बांधताना आपण कंत्राटदाराकडून लिहून घेतो तसे. डाव्या भिंतीवर मारियाचे चरित्र आहे, उजव्या भिंतीवर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे. पण मारियाचा जन्म झाला आहे तो फ्लॉरेन्समधील सधन घरात, आणि बाळंतिणीला भेटायला आली आहे ती जरीच्या पोशाखातील तोर्नाबुओनींची लेक. प्रसंग पॅलेस्टाईनचे, चेहरे गल्लीतले. गिर्लांदायोच्या याच काळातील कार्यशाळेत किशोरवयीन मायकेलअँजेलो उमेदवारी करत होता.

दिखावा होता का? होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. रुचेल्लाईने आपल्या टिपणवहीत लिहून ठेवले आहे की अशा खर्चातून देवाचा मान, शहराचा मान आणि स्वतःची आठवण ही तिन्ही साधतात. व्याजावर पैसा लावणे हे चर्चच्या दृष्टीने पाप होते आणि पेढीवाल्यांच्या मनाला त्याची टोचणी असे. आपल्याकडे व्यापाऱ्यांनी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या आणि पायरीवर नाव कोरले, त्यात श्रद्धा किती आणि नावाची हौस किती हे वेगळे काढता येत नाही. तिथेही येत नाही. योहानाच्या जन्माची वार्ता सांगणाऱ्या चित्रात एका कमानीवर लॅटिन मजकूर आहे. १४९० साली हे अत्यंत सुंदर शहर संपत्ती, विजय, कला आणि इमारती यांनी नावाजलेले असून आरोग्य आणि शांतता भोगत होते, असे तो सांगतो. चार वर्षांनी मेदिचींना शहर सोडावे लागले आणि त्यांची पेढी बुडाली. १४९७ मध्ये जोव्हान्नीचा मुलगा लोरेन्झो याचा मेदिचींच्या बाजूने कट केल्यावरून शिरच्छेद झाला. त्याची तरुण पत्नी जोव्हान्ना १४८८ मध्येच वारली होती. ती उजव्या भिंतीवर सोनेरी पोशाखात ताठ मानेने अजून उभी आहे. हे माहीत झाल्यावर त्या भिंतीला नुसता दिखावा म्हणणे मला जमत नाही.

शेजारच्या कक्षात ब्रुनेलेस्कीने कोरलेला लाकडी क्रूस आहे आणि दुसऱ्या बाजूला फिलिप्पिनो लिप्पी याची, १५०२ मध्ये पूर्ण झालेली भित्तिचित्रे आहेत. वेळ असेल तर क्रुसापाशी अवश्य थांबावे.

भिंतीवरचे पंचांग

बाहेर आल्यावर दर्शनी भिंतीकडे पुन्हा पाहावे. एका बाजूला संगमरवराचे, छायेवरून वेळ सांगणारे यंत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला पितळी रंगाची, एकमेकांत अडकवलेली दोन कडी आहेत. चर्चच्या भिंतीवर ही उपकरणे कशासाठी? एग्नात्सियो दांती या डोमिनिकन संन्याशाने ती १५७२ ते १५७४ या काळात बसवली. तो कोझिमो पहिल्याच्या दरबारातील गणितज्ञ होता.

त्याच्यापुढचा प्रश्न कालगणनेचा होता. ज्युलियस सीझरच्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण त्रैराशिक मांडले की सुमारे १२८ वर्षांत एक दिवस होतो. ईस्टरचा नियम ज्या साली ठरला त्या ३२५ सालापासून सोळाव्या शतकापर्यंत हा फरक दहा दिवसांवर गेला होता. ईस्टरचा दिवस २१ मार्चच्या वसंतसंपातावरून, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याच्या क्षणावरून, ठरतो. आकाशातला संपात मात्र ११ मार्चच्या आसपासच उलटून जात होता. दांतीचे एक कडे विषुववृत्ताच्या पातळीत बसवलेले आहे. संपाताच्या वेळी त्याच्या पुढच्या भागाची सावली मागच्या भागावर अचूक पडते, एरवी ती वर किंवा खाली सरकते. चर्चच्या गोल खिडकीतून सूर्यकिरण आत जमिनीवर पाडून मध्यान्हरेषा आखण्याचेही त्याने योजले होते, पण ते पुरे होण्याआधी त्याला फ्लॉरेन्स सोडावे लागले. पुढे तो पोप तेराव्या ग्रेगरीच्या पंचांगसुधारणेच्या कामात सहभागी झाला. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. आपल्या भिंतीवर आज टांगलेले कॅलेंडर त्याच सुधारणेचे आहे.

‘फोटो पाहिला तर पुरत नाही का?’

दर्शनी भिंतीच्या बाबतीत बऱ्याच अंशी पुरेल. मासाच्चोच्या बाबतीत अजिबात पुरणार नाही. तिथे लोपबिंदू तुमच्या डोळ्याला बांधलेला आहे. मोबाइलच्या पडद्यावर सांगाडा आणि पिता दोन्ही एकाच वेळी, बोटभर अंतरावर दिसतात. मान वर-खाली करावी लागत नाही, म्हणून चित्र बोलतच नाही. प्रत्यक्षात समोर सहा-सात मीटर मागे सरून, मध्यावर उभे राहावे आणि मग हळूहळू जवळ जावे. छत सपाट होत जाताना दिसेल, आणि मोजून काढलेली खोली कुठे ‘उघडते’ तेही कळेल.

आपण ख्रिस्ती नाही, मग आपल्याला काय कळणार, असा संकोचही काहींना असतो. कथा माहीत नसतील तर दोन-तीन आधी वाचून जाव्यात, इतकेच. हे चर्च आजही उपासनेचे स्थान आहे, तेव्हा खांदे-गुडघे झाकलेले कपडे आणि हलका आवाज हे पथ्य आपल्या कोणत्याही देवळाइतकेच पाळावे. प्रवेशासाठी तिकीट लागते. घाईच्या गटाबरोबर अर्धा तास मिळत असेल तर कक्षांमागून कक्ष धावण्यापेक्षा तो सगळा अर्धा तास डाव्या वीथिकेतील त्या एका भिंतीला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आणि ते शंखाकृती फलक

आल्बेर्तीची ती युक्ती कुठवर गेली? रोममध्ये जेझुइट पंथाच्या मुख्य चर्चची, इल जेझूची, दर्शनी भिंत जाकोमो देल्ला पोर्ता याने रचली. तिथेही उंच मध्यदालन आणि ठेंगण्या बाजू यांच्या मधली जागा अशाच वळणदार फलकांनी भरली. १५८४ मध्ये ते चर्च पवित्र करण्यात आले आणि जेझुइट धर्मप्रसारक जिथे जिथे गेले तिथे तो नमुना त्यांच्याबरोबर गेला. दहा वर्षांनी, १५९४ मध्ये, त्यांनी जुन्या गोव्यात बॉम जीझसचा पाया घातला. १६०५ मध्ये ते पूर्ण झाले. जांभ्या दगडाची ती तांबूस भिंत पाहायला पुढच्या वेळी उभे राहाल तेव्हा नजर अगदी वर न्यावी. माथ्यावरच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, पावसाने काळवंडलेल्या दगडात, आत वळणारे फलक आहेत.